नोकिया : गाव, नदी आणि नाव

जगाच्या पाठीवर असे एक गाव आहे की ज्याचे नाव कोट्यवधी माणसांनी तोंडी घेतले, खिशात बाळगले, रात्री उशाशी ठेवले. आणि तरीही ते एका गावाचे नाव आहे ही गोष्ट त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. भारतातील शहरांत आणि खेड्यांत ज्या कंपनीचा माथ्यावर लहानसा दिवा असलेला ११०० क्रमांकाचा संच २००३ सालापासून घरोघर पोहोचला, त्या कंपनीचे नाव नोकिया. ते नाव कोणा संस्थापकाचे नव्हे, कोणा देवतेचे नव्हे, की जाहिरातदाराच्या डोक्यातून निघालेला अर्थहीन शब्दही नव्हे. ते फिनलंड देशातील टाम्पेरे नगराच्या पश्चिमेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर नदीकाठी वसलेल्या एका लहान कारखानी गावाचे नाव आहे. आजमितीस त्याची वस्ती सुमारे पस्तीस हजार. कंपनीचा इतिहास पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. तिला नाव देणाऱ्या गावाचा इतिहास क्वचितच सांगण्यात येतो. आणि वस्तुतः तोच अधिक बोधप्रद आहे.

फिनलंड हा सरोवरांचा देश. त्यातील टाम्पेरे हे नगर दोन मोठ्या सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर उभे आहे. उत्तरेचे नॅसियार्वी सरोवर दक्षिणेच्या प्युहायार्वी सरोवरापेक्षा सुमारे अठरा मीटर उंचीवर आहे. आणि त्या उंचीवरून ताम्मेरकोस्की नावाचा खळाळता प्रवाह नगराच्या ऐन मध्यातून खाली उतरतो. स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने १७७९ साली हे नगर वसविले. जेम्स फिनलेसन या स्कॉटिश यंत्रज्ञाने १८२० साली तेथे आपला उद्योग सुरू केला. त्यातूनच पुढे प्रचंड कापडगिरणी उभी राहिली, आणि टाम्पेरेस ‘फिनलंडचे मँचेस्टर’ असे नाव पडले. १८८२ साली याच गिरणीत विजेचे दिवे लागले. युरोपच्या उत्तरेकडील तो पहिल्यावहिल्या विद्युत्प्रकाशांपैकी एक होय.

परंतु ताम्मेरकोस्कीचे पाणी तेथेच थांबत नाही. प्युहायार्वी सरोवरातून ते पुन्हा पश्चिमेस वाट काढते. या वाटेचे नाव नोकियनविर्ता, म्हणजे नोकियाचा प्रवाह. पुढे सरोवरांच्या साखळीतून जात जात ते कोकेमाकी नदीस मिळते आणि पोरी नगराजवळ बॉथ्नियाच्या आखातात विलीन होते. मोठ्या नगराच्या यंत्रांना फिरविलेले पाणी खालच्या अंगास असलेल्या लहान गावासही पुन्हा एकदा उतार देते, हा निसर्गाचा योग. नोकियाचे भाग्य आणि दुर्भाग्य ही दोन्ही या प्रवाहाशीच निगडित आहेत.

‘नोकिया’ या शब्दाची व्युत्पत्ती विद्वानांत वादग्रस्त आहे. फिनी भाषेत ‘नोकी’ म्हणजे काजळी. त्यावरून कारखान्याच्या धुराड्यांचा संबंध जोडण्याचा मोह सहज होतो. परंतु हे नाव धुराड्यांहून शतकानुशतके जुने आहे. गडद रंगाच्या मुलायम कातडीसाठी ज्याची शिकार होई अशा एका वन्य प्राण्याच्या प्राचीन नावावरून ते आले असावे, असे मत पुष्कळांस ग्राह्य वाटते. त्यास परिस्थितीचाही आधार आहे. हा सारा मुलूख जुन्या पिर्क्काला परगण्यात मोडत असे, आणि मध्ययुगात पिर्क्कालाची माणसे दूर उत्तरेकडील सामी लोकांशी कातड्यांचा व्यापार करण्यात व त्यांच्याकडून कर वसूल करण्यात प्रसिद्ध होती.

इतिहासात नोकियाचे नाव प्रथम ठळकपणे येते ते उद्योगामुळे नव्हे, तर रक्तपातामुळे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिनलंड स्वीडनच्या सत्तेखाली होता. रशियाशी पंचवीस वर्षे चाललेले युद्ध १५९५ साली संपले; पण सैन्य काही घरी गेले नाही. सैनिकांना आणि त्यांच्या घोड्यांना पोसण्याचा भार शेतकऱ्यांच्या कोठारांवर लादण्यात आला. अखेर १५९६ च्या हिवाळ्यात शेतकरी उठले. हातात सोटे आणि गदा, यापलीकडे त्यांच्यापैकी पुष्कळांपाशी शस्त्र नव्हते. म्हणून या बंडास ‘सोट्यांचे युद्ध’ असे म्हणतात. याक्को इल्का याच्या नेतृत्वाखाली एक जमाव दक्षिणेकडे आला आणि त्याने नोकियाच्या सरदारी वाड्यात तळ दिला. क्लाउस फ्लेमिंग हा राज्याचा सेनापती तोफा घेऊन चालून आला. इल्का रात्री निसटला. मागे राहिलेल्या शेतकऱ्यांची कत्तल झाली. आणि पुढे काही आठवड्यांतच इल्काही पकडला जाऊन मारला गेला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे नोकिया म्हणजे एक वाडा, काही शेते आणि खळाळणारे पाणी, एवढेच राहिले.

हे चित्र पालटविणारा मनुष्य म्हणजे फ्रेड्रिक इडेस्टाम. १८३८ साली जन्मलेला हा खनिजशास्त्राचा अभियंता. जर्मनीच्या प्रवासात त्याने लाकडापासून कागदाचा लगदा करण्याची नवी रीत पाहिली. तोपर्यंत कागद मुख्यतः चिंध्यांपासून होत असे. आणि वाचक वाढले, वर्तमानपत्रे वाढली, तरी चिंध्या काही त्या प्रमाणात वाढत नव्हत्या. नव्या रीतीत सोललेला ओंडका पाण्याच्या धारेखाली फिरत्या दगडावर दाबून धरीत. जात्यात धान्य भरडावे तसे लाकूड भरडले जाऊन त्याचे तंतू सुटे होत. या कृतीस तीन गोष्टींची गरज असते : लाकूड, पाणी आणि दगड अखंड फिरविणारी शक्ती. फिनलंडमध्ये या तिन्ही गोष्टी विपुल होत्या.

इडेस्टामने १८६५ साली टाम्पेरे येथे ताम्मेरकोस्कीच्या काठी लगद्याची गिरणी घालण्याची परवानगी मिळविली. दोनच वर्षांत, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात, त्याच्या लगद्यास कांस्यपदक मिळाले. परंतु टाम्पेरेचे पाणी पूर्वीच अनेक उद्योगांनी वाटून घेतले होते. तेव्हा १८६८ साली त्याने दुसरी गिरणी प्रवाहाच्या खालच्या अंगास, नोकिया येथे उभारली. १८७१ साली लिओ मेकेलिन या आपल्या मित्रासमवेत त्याने भागीदारांची कंपनी स्थापिली, आणि जागेचेच नाव तिला दिले : नोकिया. वाड्यावरून प्रवाहास, प्रवाहावरून गिरणीस आणि गिरणीवरून कंपनीस, अशा रीतीने हे नाव पायरीपायरीने चढत गेले.

मेकेलिन हा केवळ भांडवलदार नव्हता. फिनलंड त्या काळी रशियन झारच्या साम्राज्यातील एक स्वायत्त संस्थान होता, आणि त्या स्वायत्ततेच्या रक्षणार्थ कायद्याच्या मार्गाने झगडणाऱ्या नेत्यांत मेकेलिनचे स्थान अग्रभागी होते. १९०५ ते १९०८ या काळात तो देशाच्या सेनेटचा प्रमुख होता. त्याच्याच कारकीर्दीत, १९०६ साली, फिनलंडमधील स्त्रियांस मतदानाचा आणि निवडणुकीस उभे राहण्याचा असे दोन्ही हक्क मिळाले, आणि १९०७ च्या निवडणुकीत एकोणीस स्त्रिया प्रतिनिधी म्हणून निवडून आल्या. कागदाच्या गिरणीचा मालक आणि लोकसत्तेचा पुरस्कर्ता, या दोन भूमिका एकाच पुरुषाच्या ठायी एकत्र आलेल्या होत्या.

कंपनीच्या धोरणाविषयी या दोन मित्रांत एक मतभेद होता, आणि गावाचे पुढचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून होते. प्रवाहाच्या शक्तीने वीज निर्माण करावी व ती विकावी, असे मेकेलिनचे मत. इडेस्टामला हे पसंत नव्हते. लगदा आणि कागद हाच आपला धंदा, अशी त्याची वृत्ती. १८९६ साली इडेस्टाम निवृत्त झाला, आणि १९०२ च्या सुमारास कंपनीने वीजनिर्मितीस हात घातला. जो प्रवाह आजवर फक्त आपल्या काठचाच दगड फिरवू शकत होता, त्याची शक्ती आता तारेवाटे दुसऱ्याच्या यंत्रालाही देता येऊ लागली. हा फरक दिसण्यात किरकोळ. पण त्यामुळेच एका गिरणीचे गाव अनेक कारखान्यांचे गाव होऊ शकले.

त्या विजेचा पहिला मोठा गिऱ्हाईक रबराचा कारखाना हा होय. हा कारखाना १८९८ साली हेलसिंकी येथे निघाला होता. एडुआर्ड पोलोन हा त्याचा सूत्रधार. राजधानीत जागा अपुरी पडू लागली, तेव्हा स्वस्त वीज आणि मोकळी जमीन पाहून १९०४ साली कारखाना नोकियास हलविण्यात आला. बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल होऊ लागला की चामडी बुटांचा निभाव लागत नाही. त्यांवर चढवावयाचे रबरी जोडे, ज्यांना गॅलोश म्हणतात, हे उत्तर देशांतील अत्यावश्यक पादत्राण. नोकियाचा हा जोडा फिनलंडच्या घरोघर गेला. पुढे उंच रबरी बूट आले, १९२५ साली सायकलचे टायर आले आणि १९३२ साली मोटारीचे.

पहिल्या महायुद्धाने आणि रशियन राज्यक्रांतीने या गावाची घडी विसकटली. फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला खरा. पण रशियाची विस्तीर्ण बाजारपेठ एकाएकी बंद झाली. १९१८ च्या आरंभी देशात यादवी पेटली. टाम्पेरे हे कामगारांच्या लाल पक्षाचे बळकट ठाणे. ६ एप्रिल १९१८ रोजी घनघोर लढाईनंतर ते पडले. त्या यादवीची आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या बंदिवासाची जखम टाम्पेरेच्या आसपासच्या कामगारवस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या बुजली नाही. मालक आणि मजूर एकाच गावात, एकाच नदीकाठी राहत, पण त्यांच्या आठवणी वेगवेगळ्या होत्या.

याच सुमारास रबर कारखान्याने, विजेचा पुरवठा आपल्या हाती राहावा म्हणून, अडचणीत सापडलेल्या नोकिया कंपनीवर ताबा मिळविला. १९२२ साली त्याने हेलसिंकी येथील केबलचा कारखानाही आपल्या छत्राखाली घेतला. हा कारखाना १९१२ साली निघालेला. तारांवर रबराचे वेष्टन लागे, म्हणून या दोन धंद्यांचे नाते. तूर्त कोणास कल्पना नव्हती. पण पुढील काळाचे बीज या तिसऱ्या कारखान्यात होते. १९२२ सालीच जुन्या पिर्क्काला परगण्याची विभागणी होऊन उत्तरेचा कारखानी भाग वेगळा झाला, आणि १९३०–४० या दशकाच्या अखेरीस त्याने ‘नोकिया’ हे नाव अधिकृतपणे धारण केले. नगराचा पूर्ण दर्जा मिळण्यास मात्र १९७७ साल उजाडावे लागले. म्हणजे कंपनीने हे नाव घेतले त्यानंतर एक शतकाहून अधिक काळाने गाव ‘नोकिया नगर’ म्हणवू लागले.

रबराच्या कारखान्यातून निघालेल्या एका वस्तूची नोंद स्वतंत्रपणे करणे अगत्याचे आहे. १९३० नंतरच्या वर्षांत फिनलंडमधील रस्ते हिवाळ्यात आजच्यासारखे साफ केले जात नसत. मालवाहू मोटारी बर्फात रुतून बसत. तेव्हा नोकियाच्या कारखान्याने १९३४ साली केवळ बर्फासाठी योजलेला टायर तयार केला. त्याच्या पृष्ठभागावर आडव्या खोल खाचा होत्या, त्यांच्या योगे चाक बर्फात पकड घेई. हिवाळ्यासाठी मुद्दाम घडविलेला जगातील हा पहिला टायर, असे मानले जाते. दोन वर्षांनी साध्या मोटारींसाठी तसाच टायर निघाला. त्यास ‘हक्कापेलिट्टा’ हे नाव देण्यात आले. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या सैन्यात लढलेल्या फिनी घोडेस्वारांचे हे नाव. ज्या वस्तूची जगाला गरज आहे असे त्या वेळी जगाला ठाऊकही नव्हते, ती वस्तू या गावाने आपल्या दारच्या बर्फाकडे पाहून घडविली.

१९६७ साली कागद, रबर आणि केबल हे तिन्ही धंदे विधिपूर्वक एक झाले. एकत्र कंपनीस नाव राहिले ते तिघांतील सर्वांत जुन्याचे, म्हणजे गावाचे. परंतु नाव गावाचे, आणि बुद्धी मात्र हेलसिंकीकडील केबल कारखान्याची, अशी स्थिती हळूहळू होत गेली. त्या कारखान्यात १९६० पासूनच गणकयंत्रांचा व विद्युत्कणशास्त्राचा एक लहान विभाग काम करीत होता. पुढील वीस वर्षांत तोच वाढत जाऊन इतर भावंडांना भारी झाला. १९८८ साली टायरांचा धंदा वेगळी कंपनी करून तोडण्यात आला. कागद आणि पादत्राणे हीही त्याच सुमारास दुसऱ्यांच्या हाती गेली. १९९२ साली योर्मा ओलिला प्रमुख झाले, आणि दूरसंदेशवहन हाच एक धंदा करावयाचा, असे कंपनीने ठरविले. १९९८ साली ती जगातील सर्वांत मोठी मोबाइल संच बनविणारी कंपनी झाली. २००० सालच्या सुमारास फिनलंडच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नात या एका कंपनीचा वाटा सुमारे चार टक्के असल्याचे सांगितले जाई.

मौज ही की, या वैभवाच्या काळात कंपनीचे मुख्य कार्यालय नोकिया गावात नव्हते. ते हेलसिंकीजवळील एस्पो येथे होते. संच बनविणारा देशातील मोठा कारखाना सालो नगरात होता. तमिळनाडूतील श्रीपेरुम्बुदूर येथेही २००६ साली तिचा मोठा कारखाना सुरू झाला. नाव जगभर हिंडत होते. गाव मात्र आपल्या नदीकाठी रबर आणि कागद यांतच गुंतलेले होते. पुढे वारे फिरले. सालो येथील उत्पादन २०१२ साली थांबले आणि ते नगर बेकारीने हादरले. २०१४ साली मोबाइल संचांचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच वर्षी श्रीपेरुम्बुदूरचा कारखानाही बंद झाला. ज्या नगरांनी त्या नावाच्या वैभवात भाग घेतला, त्यांना त्याच्या पतनाचा घाव बसला. नोकिया गावास वैभव लाभले नव्हते. म्हणून घावही तितकासा बसला नाही.

तथापि या गावावर संकट आलेच नाही, असे नाही. ते आले आणि पाण्याच्याच रूपाने आले. २८ नोव्हेंबर २००७ रोजी गावच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात दुरुस्तीच्या कामी एक झडप उघडली गेली. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी यांना जोडणारी ती झडप होती. असा जोड मुळात असताच कामा नये. दोन दिवसांत सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. घरोघर माणसे आजारी पडू लागली, तेव्हा कारणाचा उलगडा झाला. तीस हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या त्या गावात आठ हजारांहून अधिक लोकांस उलट्या व जुलाब यांचा त्रास झाला, असा नंतरचा अंदाज. नळाचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये, ही सूचना देण्यात आली; शेकडो किलोमीटरांचे नळ औषधी द्रव्याने धुवावे लागले; आणि पूर्ववत् स्थिती येण्यास पुढील वर्षाचा फेब्रुवारी महिना उजाडला.

ही घटना घडली ती दुष्काळी वा दरिद्री प्रदेशात नव्हे. निर्मळ पाण्याविषयी ज्या देशाची ख्याती, त्या देशात. आणि ज्याचे नाव त्या क्षणी तांत्रिक प्रावीण्याचे दुसरे नाव होऊन बसले होते, त्या गावात ती घडली. सारे जग नोकियाच्या संचावरून संभाषण करीत होते, आणि नोकियात मात्र आपल्याच नळाचे पाणी विषारी आहे ही वार्ता दोन दिवस कोणास कळली नाही. एखाद्या नावाची कीर्ती आणि त्या नावाच्या जागी राहणाऱ्या माणसांची सुरक्षितता, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसून आले असेल. नगराचे खरे यश त्याच्या कीर्तीच्या ध्वजावर दिसत नाही; ते जमिनीखालच्या नळांत, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या एखाद्या झडपेत असते.

आज नोकियात नावाच्या कंपनीचा उद्योग उरलेला नाही. पण उद्योग उरलेला आहे. टायरांचा कारखाना त्याच जागी आहे, आणि ‘हक्कापेलिट्टा’ हे नावही चालू आहे. त्या कंपनीसही जगाच्या घडामोडींचा तडाखा बसला. तिच्या मोटार-टायरांपैकी फार मोठा हिस्सा रशियातील कारखान्यात तयार होत असे. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ साली तिने तेथून निघण्याचा निर्णय घेतला आणि २०२३ साली तो कारखाना विकून टाकला. त्याच्या जागी रुमानियात ओरादेआ येथे नवा कारखाना उभा राहिला. २०२४ साली तेथे पहिला टायर निघाला. १९१७ साली रशियाची बाजारपेठ तुटली तेव्हा जे घडले, त्याची शंभर वर्षांनी पुनरावृत्ती झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. नदीकाठी पातळ कागदाचे उत्पादन मालक बदलत बदलत चालू राहिले. आणि गावातील अनेक माणसे कामासाठी रोज शेजारच्या टाम्पेरेस जातात. मोठ्या नगराच्या सावलीत राहण्याचा हा लाभ लहान गावास मिळतो. एक धंदा बुडाला तरी दुसरा दार ठोठावण्याइतक्या अंतरावर असतो. सालोसारख्या एकाच धंद्यावर विसंबलेल्या नगरास हा दिलासा नव्हता.

इडेस्टामने येथे गिरणी घातली ती नावासाठी नव्हे, पाण्याच्या उतारासाठी. पोलोनने कारखाना आणला तो विजेसाठी. दोघांनीही गावाची निवड केली ती तेथे जे प्रत्यक्ष होते ते पाहून. पुढे नाव गावापासून सुटे झाले, देशोदेशी फिरले, वाढले आणि ओसरलेही. परंतु जे नावाबरोबर जाऊ शकत नव्हते, ते मागेच राहिले : सरोवराचे पाणी, रबर हाताळण्याची पिढीजात विद्या आणि हिवाळ्याची जाण. लहान गावाचे भांडवल म्हणावयाचे ते हेच. आणि नोकिया आज उभे आहे ते त्याच्याच बळावर.